दहा मिनिटांत दात साफ होत नसतात हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत दातांवर अख्खं पान आलं, वर हसऱ्या मुलीचा मोठ्ठा फोटो आणि खाली 'दहा मिनिटांत दात चकाचक'. आता पेपरात दातांवर काही छापून येणं हेच मुळात अप्रूप, कारण हार्ट, शुगर आणि गुडघे यांच्यातून आमचा नंबर लागतच नाही, म्हणून हौसेने वाचायला घेतलं आणि वाचून झाल्यावर डोकं तापलं. मी डेंटल हायजिनिस्ट आहे. म्हणजे दवाखान्यात दात साफ करणारी ती मॅडम, जिला निम्मे पेशंट नर्स समजतात आणि निम्मे डॉक्टर. तर लेखात तीन गोष्टी ठोकून दिल्यात, एक म्हणजे मशीन लावलं की सगळं निघतं आणि हाताची अवजारं आता जुनी झाली, दुसरं म्हणजे वरून माउथवॉश मारला की जंतू खल्लास, आणि तिसरं घरच्या घरी सोडा आणि लिंबू. तिसऱ्याचं शेवटी बघते, पहिल्या दोनांनी माझे पेशंट बिघडतात म्हणून हे पत्र, आणि लांबणार आहे, कापायचं तर कापा पण मधला धार लावायचा भाग ठेवा.

माउथवॉशपासूनच सुरू करते. दातावर कीटण असतं ते डोळ्यांना दिसतं, जिभेला खरखरीत लागतं, म्हणून पेशंटचं सगळं लक्ष त्याच्यावर. पण हिरड्या सुजवायचं काम करतं ते त्या कीटणावर आणि मुळावर बसलेलं बायोफिल्म. मोरीच्या जाळीखाली बोट घातलं की जो बुळबुळीत थर लागतो ना, तोच प्रकार, फक्त तोंडात. ब्रश करून चूळ भरली की काही मिनिटांत लाळेतल्या प्रोटीनचा एक पापुद्रा दातावर बसतो, त्याला आधी स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू चिकटतात, मग फ्युजोबॅक्टेरियमसारखे लांबुळके येतात जे आधीच्यांनाही धरतात आणि मागून येणाऱ्यांनाही, आणि थर जाड होऊन आतला ऑक्सिजन संपला की मग खरी वाईट मंडळी येतात. १९९८ साली सॉक्रन्स्की आणि त्यांच्या टीमने या जंतूंचे रंगांवरून गट पाडले, त्यातला लाल गट म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजायव्हालिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला, हाडं खाणाऱ्या पायोरियात हे तिघे हमखास सापडतात. आणि हे सगळे स्वतः तयार केलेल्या चिकट पदार्थात गुंडाळून बसलेले असतात. कीटण म्हणजे याच थरात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बसून तो कडक झालेला, खडबडीत असल्याने त्याच्यावर नवीन थर लगेच बसतो म्हणून ते काढायचं, एवढाच त्याचा गुन्हा.

आता यावर माउथवॉश काय करणार? गंमत म्हणजे हे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिळालंय. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी लेव्हेनहूक, त्याने १६८३ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचा पांढरा लगदा खरवडून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव बघितले, लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्रही लिहिलं. याच पठ्ठ्याने पुढे दात व्हिनेगरने धुवून बघितले, तर थराच्या बाहेरचे जंतू मेले आणि आतले तसेच जिवंत, कारण व्हिनेगर आतपर्यंत गेलंच नाही. बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवले तेव्हा मात्र मेले. झालं की मग, आज आपण हिरव्या-निळ्या बाटलीत तोच प्रयोग रोज सकाळी बेसिनपाशी करतोय. मी क्लोरहेक्सिडिनच्या, म्हणजे माउथवॉशमधल्या जंतुनाशक औषधाच्या, विरोधात नाहीये, ऑपरेशननंतर ब्रश लावता येत नाही तेव्हा ०.२ टक्क्यांचं डॉक्टर देतात ते बरोबरच आहे, साफ केलेल्या दातावर नवीन थर बसू न देणं हे ते छान करतं. पण जमलेल्या थरावर ते वरवरच राहतं, आणि महिना महिना वापरलं की दात तपकिरी होतात, चव जाते, मग तेच लोक डाग काढायला आमच्याकडे. तीच गोष्ट मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची. सुट्या जंतूंना जेवढं अँटिबायोटिक पुरतं त्याच्या कितीतरी पट, लॅबमध्ये तर हजार पटीपर्यंत, जास्त लागतं थरातल्या जंतूंना. म्हणजे थर आधी हाताने मोडला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

थर मोडला की हिरडी बरी होते हे १९६५ मध्येच डेन्मार्कच्या आरहुसला हाराल्ड लो यांनी दाखवलंय. चांगल्या हिरड्यांच्या १२ जणांना ब्रश करणं बंद करायला लावलं, १० ते २१ दिवसांत सगळ्याच्या सगळ्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, परत साफसफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात ठीक. ना औषध ना काही.

बरं, आता मशीन आणि हात. इथे मला भांडण लावायचं नाहीये, मीही रोज अल्ट्रासोनिक मशीन वापरते आणि त्याच्याशिवाय दिवसाचे पेशंट उरकणार नाहीत. २००२ साली आलेल्या एका आढाव्यात दिसलंय की एकमुळी दातांवर मशीन आणि हात दोघांचा निकाल सारखाच, वर मशीनने वेळ एक तृतीयांशाहून थोडा जास्तच वाचतो. एवढंच नाही, दाढांची मुळं जिथे फाटतात तिथे तर मशीनचं बारीक टोक सरळ सरळ जिंकतं. १९७९ मध्ये एकाने मोजलं होतं, पहिल्या दाढांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी त्या फाट्याचं तोंड ०.७५ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक, आणि आमच्या क्युरेटचं, म्हणजे हाताने कीटण खरवडायच्या वाकड्या अवजाराचं, पातं ०.७५ ते १.१० मिलिमीटर रुंद, म्हणजे बऱ्याच जागी ते आत जाणारच नाही, तिथे हाताचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही. मग मी लेखावर चिडले कशाला? कारण मशीन फिरवणं आणि दात साफ होणं या दोन गोष्टींच्या मध्ये एक माणूस असतो, त्याच्या बोटांना काही कळायला लागतं, आणि ते कळणं हाताच्या अवजारानेच येतं.

नीट सांगते. पेशंट खुर्चीत बसला की आधी प्रोब, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातली फट किती खोल ते मोजायची बारीक सळई. विल्यम्स प्रोबवर १, २, ३, मग एकदम ५, मग ७, ८, ९, १० अशा मिलिमीटरच्या खुणा असतात, ४ आणि ६ मुद्दाम गाळलेल्या, वाचताना घोळ होऊ नये म्हणून. प्रत्येक दाताभोवती सहा जागा मोजायच्या. जोर किती, तर २०-२५ ग्रॅम, आम्हाला शिकवतात की तेच टोक स्वतःच्या नखाखाली सरकवून बघा, दुखलं तर तुम्ही जास्त दाबताय. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ च्या पुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेला खिसा, आणि प्रोब बाहेर काढल्यावर रक्त आलं का तेही लिहायचं. हे आकडे घेतल्याशिवाय जो कोणी स्केलिंगला हात घालतो तो अंधारात झाडू मारतोय, आणि माफ करा पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे आकडे घेतच नाहीत, पेशंटने कधी मागितलेच नाहीत तर कोण कशाला घेईल.

मग क्युरेट. मिशिगनचे डॉ. क्लेटन ग्रेसी यांनी १९३०-४० च्या सुमाराला प्रत्येक जागेसाठी वेगळं वाकण असलेली क्युरेट्स बनवून घेतली, आजही जगभर तीच चालतात आणि नंबरही तेच. १/२ आणि ३/४ पुढच्या दातांना, ५/६ पुढचे आणि प्रीमोलर (सुळ्यामागच्या छोट्या दाढा), ७/८ आणि ९/१० दाढांच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूंना, ११/१२ दाढांच्या पुढच्या बाजूला, १३/१४ मागच्या बाजूला. ग्रेसीला कामाची धार एकच असते, खालची, पातं दांडीला साठ-सत्तर अंशात तिरकं बसवलेलं असल्यामुळे. उलटी धरली की दात राहतो बाजूला आणि हिरडी सोलवटून निघते, कॉलेजातून नवीन आलेली पोरं पहिले काही महिने हेच करतात.

सुळ्याच्या लगेच मागे वरचा पहिला प्रीमोलर असतो. त्याच्या पुढच्या अंगाला मुळावर एक उभी पन्हळ असते, बाहेरून बघून कुणाला पत्ता लागणार नाही, सगळी हिरडीच्या खाली. पायोरियावाल्या पेशंटमध्ये थर आणि कीटण हमखास त्या पन्हळीत जाऊन बसतं. मशीनचं सरळ टोक तिथून नेलं की ते पन्हळीच्या दोन्ही काठांवरून उड्या मारत जातं, वरून पाणी उडतंय, आवाज येतोय, पेशंटला वाटतं झालं काम. तिथे क्युरेट घालायचा म्हणजे अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची, ती हलली की संपलं, पात्याचा चपटा भाग दाताला चिकटवून कोन बंद ठेवून हळूच खाली सरकवायचं, तळाला मऊ लागलं की थांबायचं आणि मग दांडी किंचित फिरवून पातं सत्तर-ऐंशी अंशापर्यंत उघडायचं. खालची दांडी दाताला समांतर. पात्याचा फक्त टोकाकडचा तिसरा हिस्सा मुळाला टेकलेला पाहिजे, आणि पन्हळीत शिरताना अंगठा आणि तर्जनीत हँडल एवढंसं गोल फिरवत न्यायचं म्हणजे टोक आतच राहतं, हिरडीत घुसत नाही. मग दोन-एक मिलिमीटरचे छोटे छोटे स्ट्रोक, वरच्या दिशेने, मनगट आणि कोपरापासून, बोटांनी नाही. सुरुवातीला खर्र खर्र लागतं, बोटांच्या पेरांना कळतं आणि कानांनाही, मग एका स्ट्रोकला टचकन काहीतरी सुटतं, मग जोर कमी करायचा, पकड सैल करायची आणि नुसतं चाचपडत जायचं. हे चाचपडणं सगळ्यात अवघड. नव्या माणसाचा हात इथे घट्टच राहतो, आणि घट्ट हाताला काही कळत नाही.

पाच मिलिमीटरच्या पुढे पॉकेट गेलं की मान जरा लांब असलेली क्युरेट्स लागतात, तीन मिलिमीटर जास्त दांडीची, आणि अरुंद जागेला निम्म्या पात्याची मिनी. तरीही हात कितीही बसलेला असला तरी तेवढ्या खोलात कीटणाचे तुकडे मागे राहतातच, हे दात काढून मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून दोनेक महिन्यांनी परत प्रोब लावून आकडे तपासायचे आणि जिथे पॉकेट भरलं नाही तिथे पेरिओच्या, म्हणजे हिरड्यांच्या, डॉक्टरांनी हिरडी उघडून साफ करायची. यात कमीपणा कसला? पण आपल्याकडे 'परत या' म्हटलं की पेशंटला वाटतं धंदा चाललाय.

आता धार. हा भाग ठेवा म्हटलं तो हा. बोथट क्युरेट हा न वापरलेल्या क्युरेटपेक्षा वाईट, कारण तो कीटण तोडत नाही, वरून घासून गुळगुळीत करतो, मग प्रोब किंवा एक्सप्लोरर (चाचपायची सुई) फिरवला तरी कळत नाही की खाली काही राहिलंय, आणि पेशंट 'साफ' म्हणून घरी जातो. मी पूर्वी जिथे होते तिथे (नाव लिहीत नाही) अवजारांचा एकच सेट होता, कॉलेजातून पास होताना आणलेला असावा, रोज निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये जायचा आणि धार लावायचा दगड कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. स्केलिंग आणि ब्लीचिंगची कॉम्बो ऑफर मात्र दारावर होती. मी दगड मागितला तर, 'अहो मॅडम, मशीन आहे की.'

धार गेली हे ओळखायला काही मोठी विद्या लागत नाही, दिव्याखाली पातं धरून फिरवलं की बोथट कडेवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते, धारदार कडेवर काहीच चमकत नाही. किंवा अ‍ॅक्रिलिकची काडी असते, तिला पातं टेकवल्यावर घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. अर्कान्सास दगडावर तेलाचा थेंब टाकून, दगड पात्याच्या तोंडाशी शंभर-एकशेदहा अंशात धरायचा म्हणजे पात्याचा स्वतःचा कोन सत्तर-ऐंशी राहतो, आणि टाचेपासून टोकापर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं, टोकाला गोलाई ठेवायची. घाईत एकाच जागी घासलं की क्युरेटची सुई होते, तशी सुया झालेली ग्रेसी मी ट्रे भरून बघितलीयेत. एका सेटला नीट धार लावायला वेळ जातो, आणि तो वेळ कुठल्याही बिलात येत नाही, खरी अडचण ही आहे. मशीनचंही तेच बरं का, टोक एक मिलिमीटर झिजलं की साधारण पाव काम गेलं आणि दोन मिलिमीटरला निम्मं, म्हणून कंपन्या झीज मोजायचं कार्ड देतात, ते कार्ड मशीनच्या खोक्यातच राहतं.

२०२० मध्ये कोविडच्या वेळी हे सगळं उघडं पडलं. तुषार उडतात म्हणून शक्यतो मशीन टाळा, हाताच्या अवजारांनी करा, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही सांगितलं होतं, आणि मग ओळखीच्या दोन-तीन दवाखान्यांतून मला फोन, ताई तुमचे क्युरेट्स जरा द्याल का, आमचे कापतच नाहीत.

आणखी एक सांगायचं राहतंय, म्हणजे जोर लावून खरवडणं म्हणजे चांगलं काम असं उलट्या बाजूचं खूळही आहेच. पूर्वी रूट प्लेनिंग म्हणजे मुळावरचं सिमेंटम नावाचं पातळ आवरण काढून काढून मूळ काचेसारखं करायचं, कारण जंतूंचं विष मुळात मुरलेलं असतं असं मानायचे. पण १९८६ सालच्या एका प्रयोगात काढलेल्या दातांवर नुसतं पाणी आणि ब्रश वापरून जवळपास ९९ टक्के विष निघून आलं, म्हणजे ते वरवरच चिकटलेलं असतं. तेव्हापासून कल बदलला, आता कीटण आहे तिथेच जोर आणि बाकी ठिकाणी हलक्या हाताने थर पुसून काढायचा. मुळं फालतू खरवडली की पेशंटला थंड पाणी पिता येत नाही, त्या बिचाऱ्याचा स्केलिंगवरचा विश्वासच उडतो. म्हणून मी आधी दोन रंगांचं सोल्युशन लावते, नवा थर गुलाबी होतो आणि जुना निळा-जांभळा, पेशंटच्या हातात आरसा देते. 'मी दोनदा ब्रश करते हो' म्हणणाऱ्या शिक्षिका बाई स्वतःचे खालचे दात आतून जांभळेजर्द बघून जे गप्प होतात, त्याला तोड नाही. आणि मग मलाही कळतं कुठे क्युरेट लागणार आणि कुठे नुसती पावडरची फवारणी पुरेल. एरिथ्रिटॉलची बारीक पावडर हिरडीखालीही चालते, फार छान काम करते, पण मशीन महाग, पावडर महाग, तालुक्याच्या गावात कोण घेणार. साधी सोड्याची पावडर मात्र हिरडीखाली नको, मुळाला खरवडते. कुणी तुम्हाला 'जेटने साफ करतो' म्हटलं तर पावडर कुठली ते विचारा.

आमच्याकडचे पेशंट कसे असतात तेही सांगते म्हणजे 'चकाचक' या शब्दाचा मला राग का येतो ते कळेल. फलटणकडच्या एक मावशी आल्या, वर्षानुवर्षं मशेरी लावतात, म्हणाल्या पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत, काळे दात तेवढे पांढरे करून दे बाय. डाग काढायला काय, निघतात. पण प्रोब लावला तर खालच्या दाढांना ७ मिलिमीटर, आणि एक दात बोटाने हलतोय. त्यांचं म्हणणं मशेरीने हिरड्या घट्ट राहतात. बिडी-सिगारेटवाल्यांचं तर अजूनच फसवं, निकोटीनने हिरडीतून रक्तच कमी येतं, त्यामुळे आपलं सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि आत हाड खाली जात असतं. आणि मग नेहमीचा आरोप, 'मॅडम, तुम्ही साफ केलं म्हणून दात हलायला लागले.' अहो, हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाच्या ओझ्याने दात एकमेकांना धरून उभे असतात, ते काढल्यावर खरी परिस्थिती दिसते. हे वाक्य मी आठवड्यातून कितीदा बोलते त्याला गणती नाही, एकदा पेपरात छापून आलं तर कात्रण भिंतीला लावीन.

शुगरवाल्यांसाठी तर हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. पायोरियाची नीट ट्रीटमेंट झाली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. एवढा फरक पडायला काही जणांना एक गोळी वाढवावी लागते. आमच्या इथे शुगरच्या किती डॉक्टरांनी पेशंटला हिरड्या दाखवून या म्हणून पाठवलंय? एक डॉक्टर पाठवतात, बाकी कोणी नाही.

हे काम चिकाटीने केलं तर काय होतं त्याचं उदाहरण स्वीडनमधल्या कार्लस्टाडचं आहे. अ‍ॅक्सेल्सन आणि लिंडे यांनी १९७२ ला सुरुवात केली, लोकांना ठराविक काळाने बोलवायचं, थर दाखवायचा, स्वतः कसं काढायचं ते हाताला धरून शिकवायचं आणि हायजिनिस्टने साफ करायचं. ३० वर्षांनी त्यात टिकलेल्या लोकांचे सरासरी ०.४ ते १.८ दात गेलेले, वयोगटाप्रमाणे. तीस वर्षांत! आपल्याकडे साठीत कवळी हे अजूनही लोक नशीब म्हणून धरून चालतात.

तिकडे हायजिनिस्टला मान आहे कारण त्यांनी तो धंदा लवकर उभा केला. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या डॉ. फोन्सनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं, १९१३ ला शाळा काढली आणि १९१७ ला न्यूमनबाईंना लायसन्स मिळालं. आपल्याकडेही काही मागासलेपण नव्हतं हो, १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्येच डेंटल हायजिनिस्ट कोण, त्याने काय करायचं, त्याचं रजिस्टर कसं, सगळं लिहिलेलं होतं. पण दोन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे काय? दवाखान्यात स्केलिंग करतो बहुतेक वेळा नुकताच बीडीएस झालेला मुलगा, त्याचं सगळं मन रूट कॅनलमध्ये, आणि हायजिनिस्ट असली तर तिला अपॉइंटमेंट घ्यायला आणि ट्रे धुवायला बसवतात. २०२३ ला संसदेने नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा पास केला, तर त्यात आमच्या कोर्सचं काही भलं होऊ दे, निदान काढलेल्या दातांवर आणि मॉडेलवर ग्रेसी चालवायचे तास वाढवा, धार लावायची परीक्षा ठेवा, आणि पास झाल्यावरही दरवर्षी हात तपासा. जाड आणि हलक्या हँडलची अवजारंही द्या जमलं तर, बारीक जड दांड्या चिमटीत धरून धरून आमच्यातल्या कितीतरी जणींची मनगटं कामातून गेलीत, रात्री बोटं बधिर होतात. त्यावर कुणी लेख लिहीत नाही.

वाचकांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी दात साफ करायला जाल तेव्हा आधी विचारा, माझे पॉकेटचे आकडे किती आहेत, आणि कागदावर मागा. सहा महिन्यांनी परत तेच मागा आणि दोन कागद शेजारी ठेवा, आकडे खाली आले तर पैसे वसूल, नाहीतर नाही. दहा मिनिटांत हे होत नाही, पायोरिया असेल तर पाऊण तास-तास लागतो आणि एकापेक्षा जास्त वेळा यावं लागतं. घरी दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरा, दुकानात मिळतो, फटीच्या मापाचा घ्या म्हणजे थोडा अडकत जाणारा, टूथपिक आणि सेफ्टी पिन नको, हो, सेफ्टी पिन लिहितेय कारण रोज बघते.

आणि सोडा-लिंबू. लिंबाच्या रसाचा पीएच (जितका कमी तितकं आंबट) दोन-अडीच असतो आणि दाताचं एनॅमल साधारण साडेपाचच्या खाली गेलं की विरघळायला लागतं. सोड्याबरोबर कालवलं की दोघं फसफसून एकमेकांना मारतात हे शाळेतलं केमिस्ट्री, मग उरलं काय, तर जे जास्त पडलं ते, आणि लिंबू पिळताना कोण मोजून पिळतं? लेख वाचून आठवड्यात दोघीजणी दात आंबले म्हणून माझ्याकडे आल्या. तेव्हा तेवढी दुरुस्ती छापा, आणि त्याच पुरवणीत त्याच पानावर, टेंडर नोटिसांच्या खाली नको.

आपली,
एक डेंटल हायजिनिस्ट,
सातारा